रीबूटच्या दुसऱ्या भागावर चाहते काय बोलतात, ते नीट कसे टिपावे

एखादी जुनी विज्ञानपटमालिका नव्या नटसंचासह पुन्हा सुरू होते, तिचा पहिला भाग चालतो, आणि दुसरा भाग लागला की खेळ सुटल्यावर पार्किंगमध्येच दोन तट पडतात. एक जण ‘लै भारी बे’ म्हणतो, दुसरा ‘वाट लावली’ म्हणून गाडीला किक मारतो, आणि दोघांनीही तोच चित्रपट शेजारी शेजारी बसून पाहिलेला असतो. अशा प्रतिक्रिया नुसत्या जमवायला काही लागत नाही. पण सहा महिन्यांनी वाचल्या तरी त्यांचा अर्थ लागावा, अशा रीतीने त्या टिपायच्या असतील तर थोडी शिस्त लागते. मागच्या उन्हाळ्यात सोलापुरात मुरारजी पेठेतल्या एका घराच्या वरच्या खोलीत आम्ही अकरा जणांनी हा उद्योग करून पाहिला. त्यात जे जमले आणि जे फसले, त्यावरून ही पद्धत लिहीत आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. बोलणाऱ्याने त्यापूर्वी त्या मालिकेतले काय काय पाहिले होते आणि तो नेमका केव्हा बोलला, या दोन नोंदी प्रतिक्रियेशेजारी नसतील तर ती प्रतिक्रिया कितीही चुरचुरीत असली तरी तिचा उपयोग होत नाही.

चित्रपटाची निवड

प्रथम शब्दांचा घोळ मिटवावा, कारण अर्धे वाद तिथेच सुरू होतात. रीमेक म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्याला शिकवायला नको. करमाळा तालुक्याच्या मातीत चित्रित झालेला ‘सैराट’ 2016 साली आला, पुढच्याच वर्षी त्याचा कन्नड ‘मनसु मल्लिगे’ झाला आणि 2018 साली हिंदी ‘धडक’ झाला. अकलूजच्या रिंकू राजगुरूने मराठीप्रमाणे कन्नडमध्येही नायिका केली, तरी लोक दोन्हींची तुलना करायचे थांबले नाहीत. रीमेकमध्ये कथा तीच असते, मुलूख आणि माणसे बदलतात. रीबूटमध्ये नेमके उलटे होते. पात्रे आणि त्यांचे जग तेच राहते आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, वेगळ्या वाटेने सुरू होते. मराठीत यासाठी ‘पुनरारंभ’ वगैरे शब्द सुचवले जातात, पण प्रश्न विचारताना ते वापरू नयेत. समोरचा माणूस आधी शब्दाचा अर्थ विचारतो आणि मग त्याला मुळात काय म्हणायचे होते तेच विसरतो.

आम्ही ‘स्टार ट्रेक’ निवडले आणि त्यातही 2013 सालचा ‘स्टार ट्रेक : इनटू डार्कनेस’ हा चित्रपट निवडला. एका अंतराळयानावरच्या मंडळींची ही मूळ मालिका अमेरिकेत दूरचित्रवाणीवर 8 सप्टेंबर 1966 रोजी सुरू झाली. जे. जे. एब्रम्स यांनी 2009 साली तिचा रीबूट केला आणि त्यात एक हुशार पळवाट काढली. भविष्यातून आलेला निरो नावाचा रोम्युलन, म्हणजे एका परग्रही जमातीतला माणूस, यानाचा कप्तान होणाऱ्या कर्कच्या जन्माच्या दिवशीच त्याच्या वडिलांच्या यानावर हल्ला करतो, आणि तिथून काळाला दुसरा फाटा फुटतो. जुन्या गोष्टी जुन्या काळात अबाधित राहतात आणि नव्या फाट्यावर लेखकाला वाटेल ते करता येते. शिवाय कर्कचा जिवलग सहकारी स्पॉक जुन्या मालिकेत करणारे लेनर्ड निमॉय स्वतः त्या चित्रपटात येऊन नव्या मंडळींना जणू आशीर्वाद देऊन जातो. त्यामुळे पहिल्या भागावर फार आरडाओरडा झाला नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या भागाची असते. पहिल्या भागात प्रेक्षक ओळखीच्या पात्रांना नव्या चेहऱ्यांत पाहण्यात रमतो. नवी सून घरात आल्यावर पहिले काही दिवस तिचे सगळेच गोड लागते, तसे ते असते. दुसऱ्या भागापाशी मात्र तो विचारतो, की एवढी मोकळीक मिळाली होती तर तिचे काय केलेत? आणि 2013 साली उत्तर मिळाले, की खानला परत आणले. खान नूनियन सिंग हे खलनायकाचे पात्र 16 फेब्रुवारी 1967 रोजी दाखवलेल्या ‘स्पेस सीड’ या भागात पहिल्यांदा आले आणि 1982 सालच्या ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात परत आले. दोन्ही वेळा ते रिकार्डो मोंटाल्बान यांनी केले होते. नव्या चित्रपटात ते बेनेडिक्ट कंबरबॅच यांच्याकडे गेले. प्रतिक्रिया टिपायला याहून चांगला नमुना मिळणे कठीण, असे माझे मत आहे, कारण इथे जुन्याची आठवण हीच चित्रपटाची ताकद आहे आणि त्याचे दुखणेही तेच आहे.

स्वतःची तयारी

प्रतिक्रिया टिपणाऱ्याने मूळ साहित्य स्वतः पाहिलेले असलेच पाहिजे, नाहीतर लोक काय बोलत आहेत हे त्याच्या डोक्यावरून जाते. सगळी मालिका पाहण्याची गरज नाही. ‘स्पेस सीड’ सुमारे 50 मिनिटांचा आहे, 1982 चा चित्रपट 113 मिनिटांचा, 2009 चा 127 मिनिटांचा आणि 2013 चा 132 मिनिटांचा. सगळे मिळून जेमतेम सात तास होतात. हे दोन रविवारांत होते. पाहताना पानाच्या डाव्या बाजूला जुन्यातला प्रसंग आणि उजव्या बाजूला नव्यात त्याचे काय झाले, असे लिहीत जावे. एवढ्या एका पानावर पुढचे सगळे काम चालते.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले स्वतःचे मत इतरांना विचारण्याआधी लिहून, तारीख टाकून, वहीच्या शेवटच्या पानावर बंद करून ठेवावे. असे केले नाही तर आपण नकळत आपल्या मताला होकार देणारी माणसे शोधू लागतो. माझे मत त्या पानावर असे होते, की पहिला पाऊण तास उत्तम, आणि पुढे चित्रपट स्वतःच्याच पूर्वजाची नक्कल करू लागतो. हे इथे सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा कल कुठे आहे हे वाचणाऱ्याला कळेल.

कोणाला विचारावे

चाहत्यांनाच तेवढे विचारले तर अर्धेच चित्र मिळते. निदान तीन प्रकारची माणसे हवीत : जुन्यावर वाढलेली, नवे पाहून मग जुन्याकडे गेलेली, आणि जुन्याचा गंधही नसलेली. आमच्या अकरांत जुन्यावर वाढलेले दोनच होते. त्यांपैकी एक निवृत्त बँक कर्मचारी, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका पाहत असत. दुसऱ्या म्हणजे एका शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या, ज्यांनी 1982 चा चित्रपट पुढे कधीतरी भाड्याच्या कॅसेटवर पाहिला होता. तिघांनी फक्त नवे चित्रपट पाहिले होते, आणि उरलेले सहा जण खोलीत कूलर आहे आणि शेंगाच्या चटणीसोबत कडक भाकरी मिळणार आहे, एवढ्या भरवशावर आले होते. या सहा जणांना कमी लेखू नये. चित्रपट निव्वळ चित्रपट म्हणून उभा राहतो का, हे फक्त तेच सांगू शकतात.

प्रत्येकाच्या नावाऐवजी एक अक्षर लिहावे आणि त्यापुढे चार नोंदी कराव्यात : वय साधारण किती, मालिकेतले याआधी काय पाहिले, चित्रपट कोणत्या भाषेत पाहिला, आणि घरी बोलली जाणारी भाषा कोणती. शेवटची नोंद सोलापुरात विशेष महत्त्वाची आहे. इथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी घरे असतात, आणि शहराच्या पूर्व भागातला तरुण इंग्रजी चित्रपट कधी हिंदीत, तर कधी तेलुगूत डब झालेला पाहतो. डबिंगमध्ये नाट्य उरते, पण जुन्या संवादाची आठवण करून देणारी ओळ हमखास हरवते, कारण भाषांतर करणाऱ्याला ती ओळ जुनी आहे हे माहीत असतेच असे नाही. त्यामुळे ‘मला तर काही नक्कल वाटली नाही’ असे कोणी म्हणाले, तर त्याच्यापुढची भाषेची नोंद आधी पाहावी आणि मग निष्कर्ष काढावा.

केव्हा विचारावे

हा भाग मी लांबवणार आहे, कारण सर्वाधिक गल्लत इथेच होते.

‘इनटू डार्कनेस’बद्दल दोन गोष्टी जगजाहीर आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. अमेरिकेत प्रदर्शनाच्या वेळी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून सिनेमास्कोर ही संस्था श्रेणी घेते. तिच्याकडे या चित्रपटाला ‘ए’ ही जवळजवळ सर्वांत वरची श्रेणी मिळाली. तो मे 2013 मध्ये प्रदर्शित झाला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगास येथे ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांचे संमेलन भरले, तिथे जमलेल्या मंडळींनी सगळ्या चित्रपटांचा क्रम लावला, आणि त्यात हाच चित्रपट सर्वांत खाली गेला. या दोन बातम्या शेजारी ठेवून कोणी म्हणते की प्रेक्षक मूर्ख आहेत, कोणी म्हणते की चाहते खडूस आहेत. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. पहिल्या ठिकाणी तिकीट काढून आलेले सर्वसामान्य लोक होते आणि त्यांच्या कानात अजून पार्श्वसंगीत घुमत होते. दुसऱ्या ठिकाणी खिशाला खार लावून, विमानाने, एका मालिकेच्या प्रेमापोटी जमलेले लोक होते, आणि मध्ये तीन महिने चर्चा झाली होती. माणसेही वेगळी आणि वेळही वेगळी. मग आकडा सारखा येईलच कसा?

म्हणून एकाच माणसाला तीनदा विचारावे. पहिल्यांदा चित्रपट सुरू होण्यापूर्वी, कारण अपेक्षा काय होती हे नंतर कोणालाच खरे आठवत नाही. दुसऱ्यांदा चित्रपट संपल्यावर लगेच, चपला पायात सरकवायच्या आत. या वेळी एका वाक्यापेक्षा जास्त मागू नये. तिसऱ्यांदा साधारण पंधरा दिवसांनी, आणि तेव्हा निवांत बसून विचारावे. आमच्या अकरांपैकी चौघांची मते पंधरा दिवसांत बदलली होती. त्यांतले तिघे खाली आले, आणि एक, ज्याच्याकडून कोणालाच अपेक्षा नव्हती, वर चढला. त्याच्याकडे पुढे येतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेच्या मध्ये माणसाने मोबाइलवर इतरांची समीक्षा पाहिली आहे का, हेही विचारावे. पाहिली असल्यास तशी खूण करावी. यात कोणाला दोष द्यायचा नाही. पण उधार मत आणि घरचे मत यांची चव वेगळी असते, आणि शब्द जरा लक्षपूर्वक ऐकले की ती ओळखू येते.

काय आणि कसे विचारावे

‘कसा वाटला?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याला सोलापुरात दोनच उत्तरे आहेत, ‘भारी’ आणि ‘काय नाय बे’, आणि दोन्हींतून काही निघत नाही. त्याऐवजी एखादा प्रसंग पकडायला लावावा. कोणत्या ठिकाणी मोबाइल खाली ठेवला? कोणत्या ठिकाणी तो हातात घेतला? कोणत्या वाक्याला हसलात, आणि ते वाक्य विनोदी होते का? घरी जाऊन एकच प्रसंग सांगायचा असेल तर कोणता सांगाल? जुन्या चाहत्यांना एक प्रश्न वेगळा विचारावा : कुठे तुम्हाला वाटले, की हे आपल्यासाठी ठेवले आहे, आणि त्याचा आनंद झाला की राग आला?

प्रश्नांत आपले मत घुसवू नये, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रश्नांतून कथा फोडू नये. इथे माझी फजिती झाली ती सांगतो. वेळ वाचावा म्हणून मी प्रश्नांचे कागद आधीच छापून आणले आणि आल्या आल्या सगळ्यांच्या हातात दिले. तिसरा प्रश्न होता : ‘खानचे हे नवे रूप तुम्हाला पटले का?’ चित्रपटात तो माणूस अर्धा चित्रपट जॉन हॅरिसन या नावाने वावरतो आणि मग काचेच्या कोठडीतून आपले खरे नाव सांगतो. माझ्या कागदाने ते नाव दिवे मालवण्याआधीच सांगून टाकले. शाळेतल्या बाईंनी चष्मा लावून कागद वाचला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘सर, पेपर फुटला की हो!’’ त्या रात्री त्या प्रश्नावर आलेली सर्व उत्तरे मी बाद धरली. कागद नंतर वाटावेत. आधी फक्त तोंडी एक प्रश्न विचारावा.

बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करायचे असेल तर आधी स्पष्ट परवानगी घ्यावी आणि ऐकून झाल्यावर ते पुसून टाकीन असा शब्द द्यावा व तो पाळावा. मे महिन्यात कूलरशिवाय इलाज नसतो, त्यामुळे फोन कूलरपासून लांब, बोलणाऱ्याच्या बाजूला ठेवावा; आमचे पहिले मुद्रण म्हणजे वीस मिनिटे वारा आहे. लिहून काढताना बोली सुधारू नये. ‘तो मेला ते बघून कसंतरीच झालं, पण पाच मिन्टात उठून बसला की बे’ या वाक्याचे ‘पात्राचे पुनरुज्जीवन अतिशीघ्र झाल्याने परिणाम उणावला’ असे केले, तर अर्थ तोच राहतो आणि माणूस निघून जातो. दखनीत किंवा तेलुगूत कोणी बोलले तर ते तसेच देवनागरीत उतरवावे, शेजारी मराठी अर्थ लिहावा आणि तो त्या व्यक्तीला वाचून दाखवावा.

एक प्रसंग, दोन प्रेक्षक

चित्रपट चालू असताना टिपणाऱ्याने पडद्याकडे कमी आणि खोलीकडे जास्त पाहावे. निदान एका प्रसंगाला तरी असे करावेच, आणि तो प्रसंग आधी निवडून ठेवावा.

‘इनटू डार्कनेस’मध्ये तो प्रसंग अणुभट्टीचा आहे. 1982 साली यान वाचवण्यासाठी स्पॉक किरणोत्साराने भरलेल्या कक्षात शिरतो, काम पुरे करतो आणि काचेच्या पलीकडे मरतो; अलीकडे कर्क असतो, आणि दोघांचे हात काचेवर एकमेकांसमोर येतात. 2013 साली हाच प्रसंग उलटा केला आहे. आत कर्क जातो, बाहेर स्पॉक उभा राहतो, आणि त्याचा जीव गेल्यावर स्पॉक ‘खान!’ म्हणून ओरडतो. ती आरोळीदेखील जुनीच आहे, फक्त जुन्या चित्रपटात ती कर्कची आहे आणि ती मृत्यूच्या प्रसंगात नाही. तिथे कर्क खानला फसवण्यासाठी हताश झाल्याचे सोंग करत असतो. म्हणजे जे मुळात नाटक होते ते नव्या चित्रपटात खरा शोक म्हणून आले आहे. हा तपशील माहीत असलेल्या आणि नसलेल्या माणसांचे चेहरे या क्षणी सारखे राहणे शक्यच नसते.

मी खिडकीपाशी, पडद्याकडे पाठ करून बसलो होतो. पदविकेला असलेली एक मुलगी गुडघ्यांभोवती हात गुंफून बसली होती आणि काचेवर हात टेकले तेव्हा तिने ओढणीचे टोक ओठांत धरले. तिच्या मागे काका खुर्चीत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला, आणि आरोळी आली तेव्हा ते चक्क मोठ्याने हसले. मुलगी वळली. ‘‘काका, हसताय काय?’’ तिच्या डोळ्यांत पाणी होते. काका ओशाळले आणि म्हणाले, ‘‘अगं, तुला नाही हसलो. उलटं केलंय बघ सगळं. आतला बाहेर, बाहेरचा आत.’’ तिला ते कळले नाही आणि तिने पुन्हा पडद्याकडे तोंड केले.

वहीत हे दोन्ही लिहिले आणि त्यापुढे दोघांच्या नोंदी लिहिल्या : तिने जुने काही पाहिलेले नाही, त्यांनी सगळे पाहिलेले आहे. चित्रपट चांगला की वाईट याचा निकाल या दोन ओळींतून लागत नाही, पण तो एकाला का लागतो आणि दुसऱ्याला का लागत नाही, हे मात्र त्यांतून जितके कळते तितके दहा पानी समीक्षेतून कळणार नाही.

तक्रारींची वर्गवारी

घरी आल्यावर प्रत्येक वाक्यापुढे ते नेमके कशाबद्दल आहे हे लिहावे. लोक चित्रपटावर बोलतात असे वाटते, पण पुष्कळदा ते भलत्याच गोष्टीवर बोलत असतात.

काही प्रतिक्रिया चित्रपटाबाहेरच्या असतात. खानचे नाव प्रदर्शनापूर्वी लपवून ठेवले गेले, चाहत्यांनी ओळखले तरी नाकारले गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एब्रम्स यांनी ते आधीच सांगितले असते तर बरे झाले असते अशा अर्थाचे बोलून दाखवले. यावरचा राग हा जाहिरातीवरचा राग आहे. चित्रपट आज घरी पाहणाऱ्याला तो येणारच नाही. पात्रयोजनेवरचा आक्षेप मात्र मधल्या जागेत बसतो. जुन्या भागात हे पात्र उत्तर भारतातले, बहुधा शीख, असल्याचे यानावरची इतिहासतज्ज्ञ म्हणते. मोंटाल्बान जन्माने मेक्सिकन, कंबरबॅच ब्रिटिश; दोघेही शीख नाहीत, पण 1967 साली जे खपले ते 2013 साली खपले नाही. आमच्या खोलीत यावर कोणी चिडले नाही. उलट एका यंत्रमागवाल्याच्या मुलाने विचारले, ‘‘नावात खान पण आहे आणि सिंग पण, मग हा माणूस आहे कुठला बे?’’, आणि त्यावर पंधरा मिनिटे गेली.

दुसरा गट तर्काच्या तक्रारींचा. एका यंत्राने माणूस पृथ्वीवरून थेट क्लिंगॉन या शत्रू जमातीच्या ग्रहावर पोचतो, मग यानांची गरजच काय? खानच्या रक्ताने मेलेला उठतो, मग यापुढे कोणी मरणार तरी कसा? या तक्रारी बिनतोड आहेत. पण त्या नोंदवताना तक्रार करणाऱ्याला एक उलट प्रश्न जरूर विचारावा, की अशीच चूक जुन्यात होती तेव्हा काय केलेत? 1982 च्या चित्रपटात खान चेकॉव्ह या कर्कच्या सहकाऱ्याला चेहऱ्यावरून ओळखतो, आणि ‘स्पेस सीड’ दाखवला गेला तेव्हा चेकॉव्ह हे पात्र मालिकेत आलेलेच नव्हते. ती भूमिका करणारे वॉल्टर कोनिग दुसऱ्या हंगामात आले. काकांना ही चूक ठाऊक होती. ती त्यांनी कौतुकाने सांगितली, जशी घरातल्या लाडक्या माणसाची खोड सांगावी. जुन्या भागाप्रमाणे खानने 1992 ते 1996 या काळात पृथ्वीच्या मोठ्या भागावर राज्य केले होते, हे ऐकून पदविकेची मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे ते होऊन पण गेलं!’’ त्यावरही काका हसले आणि त्यांनी तीही चूक माफ केली. चूक एकच असून एकीकडे तिला खोड म्हणायचे आणि दुसरीकडे गुन्हा, हे चाहत्याचे लक्षण आहे, आणि ते वहीत आले पाहिजे.

तिसरा गट कथेवरच्या आणि माणसांवरच्या प्रतिक्रियांचा. हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत लहान असतो. नव्या चित्रपटात अॅलिस ईव्ह यांच्या पात्राला विनाकारण अंतर्वस्त्रांत दाखवल्याबद्दल त्या वेळी इतकी टीका झाली, की पटकथाकार डेमन लिंडेलॉफ यांनी मे 2013 मध्येच चूक कबूल केली. आमच्या बाईंनी तो प्रसंग आला तेव्हा फक्त पाण्याचा तांब्या उचलला आणि त्या खाली निघून गेल्या. हीदेखील प्रतिक्रियाच आहे आणि मी ती तशीच लिहिली.

चाहत्यांच्या बोलण्याचा परिणाम होतो तो असा, आणि तो आजचा नाही. मूळ मालिका दुसऱ्या हंगामानंतर बंद पडणार अशी कुणकुण लागली तेव्हा बिजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने चाहत्यांकडून वाहिनीला पत्रे पाठवण्याची मोहीम चालवली होती आणि तिसरा हंगाम झाला. 1982 साली स्पॉक मरणार ही बातमी चित्रपटाआधीच फुटली आणि चाहते खवळले, तेव्हा सुरुवातीलाच एका सरावाच्या प्रसंगात स्पॉकला खोटे खोटे मारून प्रेक्षकांना गाफील करण्यात आले. नाव लपवण्याचा खटाटोप एकतीस वर्षांनी झाला, पण प्रेक्षकाला चकवण्याची खोड जुनीच आहे.

लिहून काढताना

अकरा माणसांवरून टक्केवारी काढू नये. ‘बहुसंख्य प्रेक्षकांना आवडला’ असे वाक्य अकरा जणांच्या जिवावर लिहिणे म्हणजे चुलीवरच्या एका शितावरून सगळ्या पंगतीचा भात ठरवणे आहे. शितावरून भात कळतो हे खरे, पण भांडे एक असेल तर. त्याऐवजी दोन टोकांच्या प्रतिक्रिया आमनेसामने ठेवाव्यात, प्रत्येकीपुढे त्या माणसाच्या चार नोंदी द्याव्यात आणि मध्ये आपण कमीत कमी बोलावे. कथेचा उलगडा होणार असेल तर पहिल्याच ओळीत तसे सांगावे. नावे टाळावीत, आणि सोलापूर लहान गाव असल्यामुळे पेठ, दुकान आणि वय या तिन्ही गोष्टी एकत्र लिहू नयेत. कोण ते लगेच ओळखतात.

पैशांचा आकडा द्यायचा असेल तर तो प्रतिक्रियेचा पुरावा म्हणून देऊ नये. ‘इनटू डार्कनेस’ने जगभरात सुमारे 46.7 कोटी डॉलर मिळवले. तिसरा भाग ‘बियॉन्ड’ 2016 साली, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी आला, त्यात जुना खलनायक उकरून काढलेला नव्हता, आणि त्याने सुमारे 34.3 कोटी डॉलर मिळवले. यावरून कोणता अधिक आवडला हे ठरवायला जाल तर फसाल.

तिसरा भाग मात्र त्याच माणसांना जरूर दाखवावा, शक्यतो वही उघडी ठेवून. आम्ही तो पंधरा दिवसांनी, तिसऱ्या फेरीच्या प्रश्नांच्या दिवशीच लावायचे ठरवले होते. सुरू करण्याआधी मी जुने प्रश्न पुन्हा विचारले, आणि मत वर चढलेला तो एकटा म्हणजे काका निघाले. मधल्या पंधरवड्यात त्यांनी नातवाला घेऊन ‘इनटू डार्कनेस’ पुन्हा पाहिला होता. मी जपून विचारले, की तो काचेचा प्रसंग आता कसा वाटला. ते थोडा वेळ कूलरकडे पाहत राहिले. ‘‘पोरगं रडलं ओ,’’ ते म्हणाले. ‘‘मग मी आवाज नाही केला.’’